मला कुणी चावेना!

जगबुडी झालीच, तर शेवटी जी चार टाळकी उरतील त्यांत एक माझं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही! उगाच फुशारकी मारत नाही. मी एका खोलीत सासूबाई, दोन नणंदा आणि एक पोपट यांच्यासोबत संसार केलाय. पोपट सासूबाईंचा होता आणि मला त्यांच्याच आवाजात हाका मारायचा. टपालखात्यातल्या नवऱ्याच्या बदल्यांपायी इतक्या वेळा घर आवरलंय की आजही कुणी 'ट्रंक' म्हटलं की माझी कंबर आपोआप वाकते. माझ्या जुळ्या मुलांना शालान्त परीक्षेच्या आदल्याच आठवड्यात गोवर आला होता, आणि दोघंही पास झाले! तेव्हा 'सोमवारपासून कॉलेजात झॉम्बी येणार' असं कळल्यावर वर्गातल्या पोरी आनंदाने किंचाळल्या, मी मात्र शांतपणे वहीत समास आखत राहिले. म्हटलं, येऊ देत!

थांबा. मी कॉलेजात काय करत होते, ते आधी सांगायला हवं.

माझं दुसरं वर्ष झालं आणि लग्न ठरलं. लग्न झालं आणि ह्यांची बदली झाली. तिसरं वर्ष 'पुढच्या वर्षी करू' असं ठरलं. ते पुढचं वर्ष यायला पन्नास वर्षं लागली, एवढंच. गेल्या जूनमध्ये मी त्याच कॉलेजात, त्याच दगडी पायऱ्या चढून गेले. पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या. मीही झिजले होते, त्यामुळे आमचं जमून गेलं. जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा तसाच होता. आमच्या वेळी परीक्षेला जाताना सगळ्याजणी त्याला हात लावून जायच्या. मी लावला. मागून एक मुलगा म्हणाला, "आजी, चक्कर येतेय का? लिफ्ट त्या बाजूला आहे."

हेच माझं दुखणं! वर्गातली मुलं वाईट नव्हती. दार धरून ठेवत, पुढच्या बाकावरचा पंख्याखालचा कोपरा माझ्यासाठी सोडत. पण बोलत कुणी नसे. मी आले की गप्पा अशा थांबत, जशी काही मी चुकून माइक चालू ठेवलाय. सगळ्यांची मी 'आजी'. वर्गात एकशेअकरा नातवंडं आणि मैत्रीण एकही नाही!

आणि मग आला प्रकल्प. समाजशास्त्राच्या बाई (वयाने माझ्या सुनेपेक्षा लहान, पण बाई त्या बाईच) म्हणाल्या, "चौघाचौघांचे गट करा. गटाशिवाय प्रकल्प नाही, प्रकल्पाशिवाय पदवी नाही." पाच मिनिटांत अख्खा वर्ग चौकडीचौकडीने बांधला गेला. मी उभीच! बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही एकट्याच थोडंसं काहीतरी लिहून द्या. मी सांभाळून घेईन."

सांभाळून घेईन! माझा इतका अपमान त्या पोपटानेही केला नव्हता.

एकाच गटात तिघं होती. एक कप्तान. केस बारीक कापलेली, आवाज कवायत घेणाऱ्यासारखा, म्हणून कप्तान. दुसरा लांब्या, ज्याला बाकावर बसताना स्वतःची घडी घालावी लागे. तिसरी डुलकी, जी डोळे अर्धवट उघडे ठेवून कुठेही झोपू शकत असे. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला चौथी हवीय का?"

"अं... आजी, आम्ही बघतो आणि सांगतो," कप्तान म्हणाली. 'बघतो आणि सांगतो' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या लग्नाआधी दोन ठिकाणांहून असाच निरोप आला होता.

तर त्या आठवड्यात झॉम्बी आले.

झॉम्बी म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगते. झॉम्बी म्हणजे मेलेला माणूस, पण आपण मेलोय हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. तो डोळे तारवटून, हात पुढे करून, घशातून आवाज काढत फिरतो आणि दिसेल त्याला चावतो. ज्याला चावला तोही झॉम्बी. हे मी आमच्या ह्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या कचेरीत सोमवारी सकाळी असायचं तसं!"

खेळ विद्यार्थी मंडळाचा. माणसांनी दंडाला पिवळी पट्टी बांधायची, झॉम्बींनी डोक्याला लाल फीत. झॉम्बीने दोन्ही हात माणसाच्या खांद्यांवर ठेवले की चावा झाला. (दात वापरू नयेत, असं फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. यावरून आदल्या वर्षी काय झालं असेल, ते ओळखा!) माणसांकडे शस्त्र एकच, मोज्यांचा गोळा. तो लागला की झॉम्बीने दहा आकडे होईपर्यंत जागच्या जागी थिजायचं. वर्ग चालू असेल तिथे चावायचं नाही. आणि शुक्रवारी चारची घंटा होईल तेव्हा ज्याच्या दंडावर पट्टी, तो वाचला! खाली प्राचार्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं : 'शुक्रवारी तपासणी समिती येत आहे. कार्यालयाच्या आसपास कण्हू नये.'

सोमवारी मी पट्टी बांधून, पदर खोचून कॉलेजात शिरले. फाटकातच एक झॉम्बी आडवा आला. हात पुढे, जीभ बाहेर, डोळे वर. मी मुठीत गोळा आवळला. तो माझ्यासमोर थांबला, जीभ आत घेतली आणि म्हणाला, "आजी, सांभाळून हं, फरशी ओली आहे."

दुसऱ्या झॉम्बीने माझी पट्टी पाहून विचारलं, "रक्त तपासायला दिलंत का? दंड दाबून धरा." तिसरा, अंगाने चांगला कपाटाएवढा, गुरगुरत जिन्यावरून खाली आला आणि माझी पिशवी उचलून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचवून गेला! माझ्या डोळ्यांदेखत पोरं पटापट चावली जात होती, किंचाळत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आणि मी रणांगणाच्या मधोमध डबा खात बसले होते.

बुधवारी संध्याकाळी मी घरी येऊन पिशवी आपटली. "अहो, मला कुणी चावेना!"

हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "इतक्या वर्षांत मी चावलो नाही, ती पोरं काय चावतायत!"

गुरुवारी कँटीनमध्ये मागच्या टेबलावरून कुजबूज ऐकू आली. कप्तान, लांब्या आणि डुलकी अजून जिवंत होती. वर्गात मी सोडता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"मोजे संपले," लांब्या म्हणत होता. "आपण फेकतो आणि ते उचलून नेतात. आज मी अनवाणी आहे."

"उद्याचा दिवस निघाला की झालं," कप्तान म्हणाली. "पण मोज्यांशिवाय नाही निघायचा."

मी खुर्ची वळवली. "मोजे मी देते."

तिघं माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही टेबलावरची बरणी बोलली.

"किती?" कप्तानने विचारलं.

"खणभर. शिवाय ही इमारत मला ठाऊक आहे. तुम्हाला माहीत नाहीत अशी दारं मला माहीत आहेत. चारच्या घंटेपर्यंत तुम्हा तिघांना जिवंत ठेवते. ठेवलं, तर चौथी मी."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर मी एकटीच थोडंसं काहीतरी लिहून देईन."

कप्तानने लांब्याकडे पाहिलं, लांब्याने डुलकीकडे. डुलकी झोपली होती. "ठरलं!" कप्तान म्हणाली.

आता त्या खणाबद्दल. आमचे हे आयुष्यभर टपालाची वर्गवारी करत आले. निवृत्तीनंतर वर्गवारी करायला घरात फक्त मोजे उरले. रंगवार, जाडीवार, ऋतुवार. खण उघडला की वाटे, आता यातून आपली मनीऑर्डर निघणार! त्या खणाच्या अगदी पुढे, वेगळी, एक तपकिरी जोडी होती. नवी कोरी, उभ्या रेघांची. शुक्रवारी पाच वाजता ह्यांच्या जुन्या कचेरीत सगळ्या निवृत्तांचा सत्कार होता. त्यासाठी मुलाने पाठवलेली.

मी हिशेब केला. चारला खेळ संपणार, पाचला सत्कार. साडेचारला हे मला घ्यायला कॉलेजवर येणार. मोजे फाटकातच पायात! एवढं सोपं गणित. मी सगळा खण रिकामा केला आणि प्रत्येक जोडीचा घट्ट, लिंबाएवढा गोळा वळला.

या गणितात एकच गोष्ट राहिली. हे पाचच्या सत्काराला दोन वाजता तयार होतात!

शुक्रवारी शेवटचा तास पावणेचारला संपला. बाई दाराबाहेर पडल्या आणि त्यांच्या मागोमाग वर्ग सुटला तो आमच्यावरच. उरलेल्या तिघांना चावायला अख्खं कॉलेज लोटलं होतं! मी पुढे, तिघं माझ्यामागे. लांब्या माझ्यामागे लपण्यासाठी दोन ठिकाणी दुमडला होता.

"आजी, बाजूला व्हा ना!" कपाटाएवढा झॉम्बी म्हणाला.

"नाही होणार!"

"आजी, प्लीज! तुम्हाला धक्का लागेल!"

"लागू दे! चाव मला!"

"असं काय करता!" तो अगदी रडकुंडीला आला.

मी त्याच्या कपाळावर राखाडी लोकरी जोडी हाणली. तो थिजला. कप्तानने निळी हाणली, लांब्याने पांढरी. काय नेम होते एकेकाचे! झॉम्बी थिजत होते, आकडे मोजत होते, पुन्हा सुटत होते. आम्ही वऱ्हांडाभर, मग जिन्याने तळमजल्यापर्यंत मागे सरकत गेलो. ह्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचे मोजे पाच मिनिटांत संपले. माझ्या हातात एकच गोळा उरला, तपकिरी. तो मी मुठीत धरून ठेवला.

"आता?" कप्तानने विचारलं.

"मुलींच्या खोलीत!"

आमच्या वेळी तळमजल्याच्या टोकाला मुलींची खोली होती. आरसा, माठ, दोन बाकं. सगळ्यांना दिसायचं ते पुढचं दार. पण मागे एक दुसरं दार होतं, त्यातून चिंचोळा बोळ आणि बोळाच्या शेवटी आणखी एक दार, जे थेट बागेत उघडायचं. इतिहासाच्या तासाला आम्ही मैत्रिणी त्या दाराने बागेत सटकायचो आणि चिंचेखाली बसून उगाच हसायचो. कशावर हसायचो, ते आज काही केल्या आठवत नाही. हसून हसून पोटात दुखायचं, ते मात्र आठवतं.

त्या खोलीत आता खेळाचं मोडकं सामान होतं. आम्ही आत घुसलो, दार लावलं, त्याला टेबल टेनिसचं टेबल लावलं. बाहेरून धडका सुरू झाल्या. मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट.

"त्यामागे दार आहे," मी म्हटलं.

"नसेल तर?"

"मी तिथून तुमच्या जन्माआधी पळालेय!"

कपाट सरकवलं. दार होतं! रंग उडालेलं, कडी गंजलेली, पण तेच. माझ्या मैत्रिणीने शिकवलेली युक्ती हाताला आपोआप आठवली. मूठ धरून दार वर उचलायचं आणि खाली डाव्या टाचेने एक लाथ. दार उघडलं. लांब्या म्हणाला, "आजी, तुम्ही भारी आहात!" खरं सांगते, त्या क्षणी मला पदवी मिळाली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

आम्ही बोळातून धावलो. म्हणजे ती धावली, मी भरभर चालले. पाठीमागे टेबल कोसळल्याचा आवाज आला. बोळाच्या शेवटी दुसरं दार. "यापलीकडे बाग!" मी ओरडले. "मोकळं मैदान! चिंचेमागे लपा, घंटा होईपर्यंत सापडत नाही!" आणि मूठ उचलून, डोळे मिटून, आयुष्यातली सगळ्यात जोरदार लाथ घातली.

पन्नास वर्षांत बागा बागा राहत नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बागेच्या जागी प्राचार्यांचं नवं सभादालन झालं होतं. बांधणाऱ्यांनी ते दार न काढता त्यावर फक्त मोठा पांढरा पडदा सोडला होता. त्या पडद्यावर, प्रोजेक्टरच्या उजेडात, त्या वेळी कॉलेजच्या प्रगतीचा आलेख चढत होता. प्राचार्य छडीने दाखवत होते, "आणि इथून पुढे आपल्याला दिसते ती..."

इथून पुढे दिसले ती मी! पाय आधी आला. मग बाकीची मी. पडदा वरून निसटला आणि नखशिखान्त माझ्याभोवती गुंडाळला गेला. पांढऱ्या कापडात लपेटलेली, हात पुढे करून चाचपडणारी, दम लागून घशातून घरघर काढणारी एक आकृती, आणि तिच्या पोटावरून चढत गेलेला प्रगतीचा आलेख! समितीतल्या एका गृहस्थांनी किंकाळी फोडली. अख्खा आठवडा जी पोरं झॉम्बीचा अभिनय करत होती, त्यांतल्या एकालाही असं दाद देणारं माणूस मिळालं नव्हतं.

कप्तानने मला सोडवलं. समोर लांब टेबल, चहाचे कप आणि तीन अनोळखी चेहरे. मधोमध पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. त्या एकट्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"हे..." प्राचार्यांनी छडी खाली ठेवली. "हे आमचं... आपत्ती व्यवस्थापनाचं प्रात्यक्षिक!"

"आणि या?" अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"या आमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी."

"असं का? मला वाटलं, आपत्ती याच." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "दुसरं वर्ष कधी केलंत?"

"पन्नास वर्षांपूर्वी. मध्ये जरा सुट्टी घेतली होती."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढ्यात दारातून लाल फितींचा लोंढा आला आणि प्राचार्यांना पाहून दारातच तुंबला. मागचे कण्हत होते, पुढचे 'शूऽऽ' करत होते.

"हे आत का येत नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वर्ग चालू असेल तिथे चावायचं नाही, असा नियम आहे," कप्तानने घाईघाईने सांगितलं.

"इथे वर्ग नाहीये!" तो कपाटाएवढा झॉम्बी (त्याचं नावच आता कपाट!) दारातून ओरडला. "ही मीटिंग आहे!"

"सर आलेख दाखवून शिकवत होते! म्हणजे वर्गच!"

"मीटिंग!"

"वर्ग!"

सगळे अध्यक्षबाईंकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी अर्ध्या तासापासून इथे बसलेय आणि अजून काहीही शिकले नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या कॉलेजातही असंच असायचं. वर्ग धरा."

झॉम्बींनी सुस्कारा टाकला. भिंतीवरच्या घड्याळात चारला थोडाच अवकाश होता. आता फक्त उभं राहायचं होतं. मी मनातल्या मनात प्रकल्पाचा विषयसुद्धा ठरवायला घेतला!

आणि झॉम्बींच्या गर्दीतून ओळखीचा आवाज आला. "जरा वाट द्या... अहो, जरा वाट द्या..."

आमचे हे! इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट आणि बुटात उघडे पाय. डोक्याला लाल फीत. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला बांधतायत, म्हणजे आत जायचा पास असणार, असं समजून ह्यांनी ती शिस्तीत बांधून घेतली होती.

"अगं!" ह्यांनी मला पाहिलं. "माझा खण! अख्खा खण रिकामा! मला वाटलं घरात चोर शिरला. पण चोर फक्त मोजेच कशाला नेईल?"

"अहो, नंतर बोलू!"

"म्हणजे तूच! माझे मोजे शिक्षणासाठी गेले?"

ते माझ्या दिशेने निघाले. कप्तानला फक्त लाल फीत दिसली. हा झॉम्बी नियम पाळत नाही, एवढंच तिला कळलं, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अगं, मार! मार ना! बघत काय बसलीयेस!"

माझ्या मुठीत तपकिरी गोळा होता. मी फेकला. संसारात पहिल्यांदाच मी ह्यांच्यावर काही फेकलं आणि ते नेमकं छातीवर बसलं!

हे थिजले नाहीत. त्यांना कुठे नियम माहीत होते! त्यांनी खाली वाकून गोळा उचलला, उलगडला, आणि त्यांचा चेहरा पहाटेसारखा उजळला. "सापडले!" अध्यक्षबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून, "माफ करा हं," म्हणत हे बसले. एक बूट काढला, मोजा घातला, त्याच्या रेघा सरळ केल्या. मग दुसरा. समिती बघत होती, प्राचार्य बघत होते, शंभर झॉम्बी बघत होते. सबंध दालनात फक्त मोजा ओढल्याचा आवाज.

प्राचार्यांचा संयम इथे संपला. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. "माझ्या मते आपण इथेच थांबू. धन्यवाद!"

"वर्ग सुटला!" कपाट गरजलं.

लोंढा आत आला. मी दोन्ही हात पसरून तिघांच्या पुढे उभी राहिले. "खबरदार! आधी मला चावा, मग यांना!"

सगळे जागीच थबकले. कपाटाने हात पुढे केले, मागे घेतले. "तू चाव." "मी नाही, तू!" "मला माझी आजी आठवते रे!" कुणाची छाती होईना. सेकंद निघून चालले होते आणि माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकदम होत्या. एकही पोरगं पुढे येऊ नये, आणि एकानं तरी यावं!

तेवढ्यात हे उठले. बूट बांधून झाले होते. गर्दीतून सरळ माझ्यासमोर आले, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चल गं. उशीर होतोय."



"अहो," मी म्हटलं, "तुम्ही चावलात मला!"

"मी?" हे दचकले. "सगळ्यांदेखत?"

"आजोबा चावले!" कपाट ओरडलं. "आजी गेल्या!" आणि असा जल्लोष उठला म्हणता! कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी बाक बडवतंय, आणि त्या गोंधळातच शिपाईमामांनी चारची घंटा दिली. टण! टण! माझ्यामागे तिघं, तिघांच्या दंडांवर पिवळ्या पट्ट्या. वाचली! डुलकीसुद्धा पूर्ण जागी होती!

"नियम म्हणजे नियम," कप्तान म्हणाली. तिने माझी पट्टी सोडली, कपाटाने कुठूनशी एक लाल फीत काढली आणि तिने ती माझ्या कपाळावर बांधून दिली. मग कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी गळ्यात पडलं. कपाटाने तर माझा हात धरून, आता कसं कण्हायचं ते शिकवलं. आठवडाभर ज्यांनी माझ्यासाठी दारं धरली, ते मला धक्के मारत होते! काय सुंदर धक्के होते ते!

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग? हरलात ना?"

माझ्या आधी कप्तान बोलली. "नाही, मॅडम. ही आमच्या गटात आहे. चौथी." आणि माझ्याकडे वळून, "सोमवारी अकराला वाचनालयात. उशीर करू नकोस. आणि डबा जास्तीचा आण, लांब्या फार खातो."

मी "बरं" म्हटलं. पुढे काही बोलता येईना. झॉम्बींचं असंच होतं म्हणतात.

पुढचं सगळं धावपळीत झालं. आम्ही रिक्षा केली आणि पाचच्या ठोक्याला ह्यांच्या जुन्या कचेरीत पोचलो. रिक्षातून उतरताना मी पाहिलं, ह्यांच्या डोक्याला लाल फीत तशीच! सांगणारच होते. मग आठवलं, घंटेला अर्धं मिनिट उरलं असताना मला चावला हा माणूस! म्हटलं, राहू दे.

काय मजा आली सांगू! हे व्यासपीठावर गंभीर चेहऱ्याने बसलेले, तपकिरी मोजे दिसावेत म्हणून पाय पुढे काढलेले, आणि कपाळावर लाल फीत. लोक टक लावून बघत होते, एकमेकांना कोपराने ढोसत होते. फुलांचा गुच्छ देणाऱ्या साहेबांनी तर दोनदा तोंड उघडून मिटलं. मग जोडप्याचा फोटो म्हणून मलाही वर बोलावलं. सभागृहात केवढी खसखस पिकली! मी गालातल्या गालात हसत, ताठ मानेने ह्यांच्या शेजारी उभी राहिले. हेही माझ्याकडे वळून वळून बघत होते आणि गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, सत्काराचा आनंद!

आठवड्याने फोटो आला. हे खुर्चीत बसून खो खो हसायला लागले.

"काय झालं एवढं हसायला? स्वतःची फीत बघा जरा!"

"माझी बघितली गं," डोळे पुसत हे म्हणाले. "पण मी रिक्षातच ठरवलं होतं, जिने माझे सगळे मोजे नेले, तिला तिच्या डोक्याला काय बांधलंय ते आपण सांगायचं नाही!"

आता तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. प्रकल्पासाठी चौकडी घरी जमते, तेव्हा कप्तान हटकून त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसते. नवे पाहुणे विचारतात, "या फिती कसल्या हो?"

"पास आहे," आम्ही दोघंही सांगतो. आणि ह्यांचे मोजे अजून झॉम्बींच्या पायांत आहेत.